जागल्याला जागं कोण करतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणाऱ्या माणसाने रोगप्रतिकारशास्त्रावर बोलावं, हे आपल्यापैकी काहींना जरा चमत्कारिक वाटेल. मी बी. ए. झालेला माणूस. प्रयोगशाळेशी माझा संबंध शाळेतल्या लिटमसच्या कागदापुरता. पण शब्दांचा नाद असला की माणूस कुणाच्याही अंगणात डोकावतो. काही वर्षांपूर्वी वाचताना मला 'नॅचरल किलर सेल' हे नाव भेटलं. मराठीत 'नैसर्गिक मारक पेशी'. म्हणजे उपजतच मारेकरी! आपल्या रक्तात अशा पेशी रात्रंदिवस फिरत असतात म्हणे. मला प्रश्न पडला, कुणी उपजत मारेकरी असतो का? माणूस सोडा, निदान पेशी तरी?

त्या प्रश्नाचा माग काढत मी जमेल तसं वाचत गेलो. हाती लागलं ते असं, की या पेशीला हत्यार जन्मतः मिळतं, पण ते चालवण्याची तयारी दुसऱ्या पेशींनी धाडलेल्या निरोपांमधून येते. त्या निरोपांना शास्त्रज्ञ 'सायटोकाइन' म्हणतात. आज मी बोलणार आहे ते या निरोपांविषयी.

आधी पेशीची ओळख करून घेऊ. १९७५ साली स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये रॉल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल हे संशोधक उंदरांवर प्रयोग करत होते. त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन आणि त्यांचे सहकारी तशाच वाटेने चालले होते. दोघांच्याही ध्यानात एक गोष्ट आली. ज्या उंदरांची कर्करोगाशी कधी गाठच पडलेली नाही, त्यांच्या प्लीहेतल्या काही पांढऱ्या पेशीदेखील कर्कपेशींना मारत होत्या. तोवरचा समज असा होता की पांढऱ्या पेशींना आधी शत्रूची ओळख करून द्यावी लागते. लसीचं सगळं तत्त्वच त्यावर उभं आहे. या पेशींना मात्र शिकवणी लागत नव्हती. सुरुवातीला पुष्कळांना हा प्रयोगातला दोष वाटला. पण दोष पुन्हा पुन्हा, ठरल्यासारखा दिसू लागला, तेव्हा तो दोष नव्हे हे मान्य करावं लागलं. विनाशिकवणी मारतात म्हणून नाव पडलं 'नॅचरल किलर'.

आपल्या रक्तातल्या लसिका पेशींमध्ये यांचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के. त्यांच्या पोटात दाण्यांसारख्या बारीक पिशव्या असतात. त्यांत 'परफोरिन' नावाचं प्रथिन असतं, ते समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. सोबत 'ग्रँझाइम' असतात. ते आत शिरून त्या पेशीला स्वतःचाच शेवट करायला लावतात.

पण मारायचं कुणाला, हे कसं ठरतं? स्वीडनच्याच क्लास केरे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली याचं मोठं सुंदर उत्तर पुढे ठेवलं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर एचएलए नावाच्या प्रथिनांची एक ओळखचिठ्ठी असते. विषाणू पेशीत शिरला किंवा पेशी कर्करोगी झाली, की पुष्कळदा ही चिठ्ठी दडवली जाते. कारण टी-पेशी नावाचे दुसरे सैनिक तीच चिठ्ठी वाचून चोर पकडतात. मारक पेशीचं लक्ष नेमकं या गायब चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी दिसली तर तिचा हात आवरतो. दिसली नाही, आणि पेशी संकटात असल्याच्या इतर खुणा दिसल्या, तर हात सुटतो.

ही पेशी नसली तर काय होतं? १९८९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका किशोरवयीन मुलीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. तिच्या शरीरात मारक पेशीच नव्हत्या. कांजिण्या आणि त्याच कुळातले इतर विषाणू, जे आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगावरून आठवड्याभरात जातात, ते तिच्या जिवावर बेतले होते. तेव्हा ही पेशी म्हणजे शरीराची चैन नव्हे, गरज आहे.

इथे खरी गंमत सुरू होते. रक्तातून ताजी काढलेली, विसावलेली मारक पेशी कर्कपेशीसमोर ठेवली, तर ती फारशी चपळ नसते. जुन्या गावगाड्यात रात्री गस्त घालणारा जागल्या असे. हा जागल्या काठीवर हनुवटी टेकून पेंगत बसलेला! पण तीच पेशी काही तास योग्य सायटोकाइनांच्या सहवासात ठेवली, की तिचा नूर पालटतो. ती आकाराने वाढते, तिच्यातला दारूगोळा वाढतो, आणि ती नेमकी लक्ष्यावर जाते. मग या जागल्याला जागं करतं कोण?

सायटोकाइन म्हणजे पेशींनी सोडलेली छोटी प्रथिनं. ग्रीक भाषेतल्या 'पेशी' आणि 'हालचाल' या अर्थाच्या शब्दांवरून हे नाव तयार झालं. त्यांतल्या बऱ्याच जणांचं आडनाव 'इंटरल्यूकिन'. हे १९७९ साली स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत ठरलं. त्याचा अर्थ, पांढऱ्या पेशींच्या आपसातलं. मला यातल्या 'इंटर'वरून साने गुरुजींच्या 'आंतरभारती'तला 'आंतर' आठवतो. एकाचं दुसऱ्याला कळावं, एवढंच त्यात अभिप्रेत आहे. ज्या पेशीच्या अंगावर त्या निरोपाचा ग्राही असेल, म्हणजे कान असेल, तिलाच तो ऐकू येतो. आणि बहुतेक निरोप जवळपासच्या पेशींपुरते, थोड्या वेळापुरतेच असतात.

यांतला सर्वांत जुना, ओळखीचा निरोप म्हणजे इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पापुद्र्यावर निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू सोडला. त्यातून जो द्रव मिळाला, त्याने दुसऱ्या ताज्या पापुद्र्याचं जिवंत विषाणूपासून रक्षण केलं. लागण झालेली पेशी शेजारणींना सावध करत होती.

हा निरोप आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचा आहे. तापाआधी कणकण येते. आमच्या घरी दख्खनीत म्हणत, 'बदन टूट रा'. शेजारच्या काकू म्हणत, 'अंग मोडून आलंय'. दोन भाषा, पण तक्रार एकच. आपल्याला वाटतं, ही मोडतोड विषाणू करतोय. बऱ्याच अंशी तसं नसतं. ते इंटरफेरॉन आणि त्याच्या भावंडांचं काम असतं. याचा पुरावा दवाखान्यात मिळाला. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली जात. इंजेक्शननंतर त्यांना फ्लूसारखा ताप यायचा, थंडी वाजायची, अंग ठणकायचं. फ्लूचा विषाणू मात्र कुठेच नसायचा. तेव्हा अंग मोडून येतं, त्या वेळी आपल्या आत निरोपानिरोपी चालू झालेली असते.

आता या निरोपांनी मारक पेशी कशी तयार होते, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा, लागण झालेल्या पेशींनी सोडलेलं इंटरफेरॉन. ही गावभर पिटलेली दवंडी. ती मारक पेशीच्याही कानावर पडते आणि तिची मारकक्षमता वाढवते. पण तेवढ्यावर भागत नाही. दवंडी दुसऱ्या एका पेशीलाही ऐकू जाते. तिचं नाव डेंड्रायटिक पेशी. ग्रीकमध्ये डेंड्रॉन म्हणजे झाड. हिच्या अंगाला झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. ही फांदीवाली पेशी इंटरल्यूकिन-१५ नावाचा निरोप तयार करते. गंमत अशी, की तो ती सहसा सोडून देत नाही. आपल्याच अंगावरच्या एका ग्राहीवर तो धरून ठेवते आणि जवळ आलेल्या मारक पेशीपुढे करते. दवंडी मोकळ्या हवेत जाते. हा निरोप मात्र अंगाला अंग लागल्याशिवाय पोचत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की या फांदीवाल्या पेशी काढून टाकल्या तर मारक पेशी असूनही कामाला येत नाहीत. शिवाय मारक पेशीचं जगणंच या निरोपावर अवलंबून आहे. ज्या उंदरांना इंटरल्यूकिन-१५ बनवताच येत नाही, त्यांच्यात मारक पेशी जवळपास नसतातच.

निरोप पोचल्यावर पेशीच्या आत काय घडतं? त्याच वर्षी अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या संशोधकांनी एक गोष्ट दाखवून दिली, आणि ती वाचून माझ्यासारखा कविता लिहिणारा माणूस हरखून गेला. उंदराच्या विसावलेल्या मारक पेशीत परफोरिन आणि ग्रँझाइम ही प्रथिनं फार थोडी असतात. पण ती बनवण्याचा मजकूर, म्हणजे आरएनए, आधीच भरपूर लिहून ठेवलेला असतो. त्याचं प्रथिनात भाषांतर तेवढं व्हायचं राहिलेलं असतं. सायटोकाइनचा निरोप आला की ते भाषांतर सुरू होतं. नव्याने मजकूर लिहीत बसण्याइतका वेळ विषाणू देत नाही. म्हणून मसुदा तयार ठेवायचा आणि हाक आली की तो कामाला लावायचा. पूर्णवेळ भरलेली बंदूक घेऊन कुणी घरात फिरत नाही. शरीरही फिरत नाही.

पुढचा टप्पा आणखी बोलका आहे. मारक पेशी नुसती मारत नाही. ती स्वतःही एक निरोप सोडते. त्याचं नाव इंटरफेरॉन-गॅमा. तो भक्षक पेशींना चेतवतो, टी-पेशींना दिशा देतो. म्हणजे ही मारेकरीण अर्धीअधिक निरोप्याचंही काम करते. पण हा निरोप तिच्याकडून भरघोस निघायला दोन हाका लागतात. एक इंटरल्यूकिन-१२. याचा शोध १९८९ साली अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये जॉर्जो त्रिंकिएरी यांच्या गटाने लावला. तेव्हा त्याचं नावच मुळी 'मारक पेशींना चेतवणारा घटक' असं ठेवलं होतं. दुसरं इंटरल्यूकिन-१८, जपानमध्ये हारुकी ओकामुरा आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली उजेडात आणलेलं. यांतला एकेकटा निरोप आला तर मारक पेशी जेमतेम प्रतिसाद देते. दोन्ही एकदम आले की ती धो धो इंटरफेरॉन-गॅमा सोडते. एक निरोप दुसऱ्यासाठीचे कान वाढवतो, असंही आढळलं आहे.  कुणी एकाने हाकाटी केली म्हणून गाव पेटवू नये, एवढं शहाणपण या सूक्ष्म जिवात आहे. ते आपल्यात किती आहे, हा विषय वेगळा.

बरं, हाक विरून गेल्यावर पेशी पुन्हा पूर्वीसारखी पेंगायला लागते का? पूर्वीची समजूत तशीच होती. मारक पेशीला आठवण नसते, असं पाठ्यपुस्तकं सांगत. २००९ साली सेंट लुईसच्याच वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांच्या मारक पेशी इंटरल्यूकिन-१२, १५ आणि १८ यांच्या सहवासात थोडा वेळ ठेवल्या गेल्या. मग त्या दुसऱ्या उंदरांच्या अंगात सोडल्या. एक ते तीन आठवड्यांनी तपासलं, तेव्हा त्या दिसायला साध्याच होत्या. पण पुन्हा डिवचल्यावर इतरांपेक्षा जोमाने इंटरफेरॉन-गॅमा सोडत होत्या. जुन्या निरोपाचा ठसा त्यांच्यात आणि त्यांच्या विभाजनातून झालेल्या लेकींमध्येही टिकला होता. शास्त्रज्ञ याला जपून 'स्मृतीसारखी' अवस्था म्हणतात.

याचा माणसाला उपयोग काय, असं आपण विचाराल. ज्या घरात रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण आहे, त्या घराला हे आधी विचारावंसं वाटेल. याच विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताच्या एका आक्रमक कर्करोगाचे रुग्ण निवडले. इतर उपचारांना हा आजार दाद देत नव्हता. नातेवाइकांच्या रक्तातून मारक पेशी घेतल्या, रात्रभर त्या तीन निरोपांच्या सहवासात ठेवल्या आणि रुग्णांना दिल्या. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांचं मूल्यमापन करता आलं अशा ९ रुग्णांपैकी ५ जणांना प्रतिसाद मिळाला, त्यांतल्या ४ जणांचा आजार तपासणीत दिसेनासा झाला. संख्या लहान आहे. ही प्राथमिक चाचणी होती, आणि हा काही सर्रास मिळणारा उपचार झालेला नाही. पण एका रात्रीच्या तयारीने पेशीचं वागणं रुग्णाच्या शरीरातही बदलतं, हे त्यातून दिसलं.

दुसरं उदाहरण आपल्या दंडाजवळचं आहे. बीसीजीची लस आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी टोचलेली असते. दंडावर तिचा वण असतो. हीच बीसीजी १९७६ पासून मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात थेट मूत्राशयात सोडली जाऊ लागली. तिथे ती प्रतिकारपेशींना हाका मारून गोळा करते. काही रुग्णांमध्ये मात्र तिचा गुण येत नाही. अशांसाठी इंटरल्यूकिन-१५चं अधिक प्रभावी केलेलं एक रूप बीसीजीच्या जोडीने देण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये मान्यता दिली. चाचणीतल्या ७७ रुग्णांपैकी ६२ टक्के जणांमध्ये कर्करोग दिसेनासा झाला.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, मग हे निरोप भरभरून द्यावेत की! तेही करून झालं आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी इंटरल्यूकिन-२ मोठ्या मात्रेत द्यायला सुरुवात केली. काही रुग्णांचे पसरलेले कर्करोग खरोखर विरघळले, आणि १९९२ साली मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी त्याला मान्यताही मिळाली. पण किंमत जबर होती. रक्तवाहिन्यांमधून द्रव झिरपायचा, रक्तदाब कोसळायचा, रुग्णांना अतिदक्षता विभागासारखी देखरेख लागायची. जवळच्या जवळ सांगायचा निरोप गावभर कर्ण्यावरून ओरडून सांगितला, की असं होतं.

अतिरेकाचं दुसरं रूप आपण सगळ्यांनी पाहिलं. २०२० आणि २०२१ मध्ये 'सायटोकाइन स्टॉर्म' हे शब्द मराठी घराघरांत पोचले. ज्यांनी कधी विज्ञानाचं पुस्तक उघडलं नाही, तेही दवाखान्याच्या दारात उभे राहून हे शब्द उच्चारत होते. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवलं, की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवतं. ते औषध विषाणूला मारत नाही. ते शरीराची आतली हाकाटी खाली आणतं. आणि हेही ध्यानात घ्या, की ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. त्या रुग्णांमध्ये हाका अजून कामाच्या होत्या.

निरोप थांबणं हा तयारीचाच भाग आहे, हे सांगणारा एक दुर्मीळ आजार लहान मुलांमध्ये आढळतो. त्यातल्या काही मुलांच्या परफोरिनच्या जनुकातच दोष असतो, हे १९९९ साली कळलं. हत्यारच बोथट. आपल्याला वाटेल, अशा मुलाची प्रतिकारशक्ती मलूल असेल. घडतं ते भलतंच. त्याच्या मारक पेशी आणि टी-पेशी लक्ष्याला जाऊन चिकटतात, पण त्याला संपवू शकत नाहीत. काम उरकत नाही, म्हणून निरोपही थांबत नाहीत. भक्षक पेशी बेभान होतात, ताप उतरत नाही, यकृत आणि प्लीहा सुजतात, स्वतःच्याच रक्तपेशी गिळल्या जातात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर मूल हाती लागत नाही.

आता शेवटी मी माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. ही पेशी उपजत मारेकरी आहे का? गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांत आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या साधारण ७० टक्के मारक पेशींच्याच कुळातल्या असतात. तिथे अर्धं परकं असलेलं बाळ रुजत असतं. कारण त्याची निम्मी ओळख वडिलांकडून आलेली. मारेकऱ्यांचा एवढा जमाव तिथे कशाला? त्या अस्तरातले निरोप वेगळे असतात. इंटरल्यूकिन-१५ तिथेही असतं, पण सोबत हात आवरायला लावणारे निरोपही असतात. त्या वातावरणात या पेशी मारत नाहीत. त्या आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात, म्हणजे बाळाला पुरेसं रक्त मिळावं. एरवी मारेकरीण म्हणून ओळखली जाणारी पेशी तिथे सुइणीच्या हाताखाली राबते. पोटात हत्यारं तीच असतात, बदललेले असतात ते कानावर पडणारे निरोप.

म्हणून मला बाजारातल्या एका वाक्प्रचाराविषयी आपल्याला सावध करावंसं वाटतं. 'प्रतिकारशक्ती वाढवा.' करोनाच्या काळात काढे, चूर्णं, गोळ्या याच दोन शब्दांवर खपल्या, आजही खपतात. जणू प्रतिकारशक्ती म्हणजे रांजण आहे, आणि तो काठोकाठ भरला की झालं. आपण आत्ता जे ऐकलं, त्यात असा रांजण कुठे दिसला? दिसले ते निरोप. ते कुणी दिले, कुणाला दिले, किती वेळ दिले आणि कधी थांबवले, यावर एका माणसाचा ताप तीन दिवसांत उतरतो आणि दुसऱ्याचा जीव टांगणीला लागतो. ज्यांना संधिवातासारखे आजार आहेत, ज्यांच्या पेशी आधीच आपल्याच शरीरावर उठल्या आहेत, त्यांना आणखी 'वाढवून' काय मिळणार? तेव्हा कुणी असं काही विकायला आलं, तर एवढंच विचारा : बाबा रे, नेमकं काय वाढवणार, आणि मग ते थांबवणार कोण? आणि घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.

'नॅचरल किलर' हे नाव आता बदलणार नाही. अर्धशतक रुळलंय ते. पण हे नाव पुन्हा कानावर पडेल, तेव्हा हाकेची वाट पाहत बसलेला जागल्या आपल्या डोळ्यांसमोर यावा, एवढी इच्छा आहे.